भिजत घालण्यापासून सुरुवात

मराठी पाककृतींचं कोणतंही पुस्तक उघडून उसळीचं पान काढा. साहित्याच्या यादीत पहिलंच नाव बहुधा असं असतं : मोड आलेली मटकी, दोन वाट्या. मटकी दुकानातून येते तेव्हा तिला मोड नसतात. ती निवडायची, धुवायची, भिजवायची, उपसायची, फडक्यात बांधायची, उबेला ठेवायची आणि थंडीचे दिवस असतील तर आणखी एक रात्र वाट पाहायची. हा सगळा दीड-दोन दिवसांचा उद्योग ‘मोड आलेली’ या दोन शब्दांत उरकला जातो. फोडणी, मसाला, ओलं खोबरं वगैरे तपशील मात्र चमच्याच्या हिशेबात दिलेले असतात. ते काम पंधरा-वीस मिनिटांचं. म्हणजे छापील कृती सुरू होते तेव्हा खरी कृती संपलेली असते.

यात त्या लेखिकांचा दोष नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली ‘गृहिणीमित्र’मध्ये हजार पाकक्रिया लिहिल्या, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि तिनं वाटी-चमच्याचं माप घराघरांत रुळवलं. त्यांच्या वाचकांना वाल किती वेळ भिजवायचे हे सांगणं म्हणजे चुलीत लाकडं कशी घालायची हे सांगण्यासारखं झालं असतं. ते ज्ञान घरातच होतं. कोणी ना कोणी बाई रात्री झोपण्याआधी उद्याचा विचार करून पातेल्यात पाणी ओतत होती. आता ती बाई नोकरीवर जाते, किंवा ती बाई नसून एकटा राहणारा मुलगा आहे, किंवा सासू एका शहरात आणि सून दुसऱ्या खंडात आहे. गाळलेल्या मजकुराची उणीव अशा वेळी भासते. हे पुस्तक त्या गाळलेल्या मजकुराचं आहे.

आमचं म्हणणं एवढंच, की उसळ जमते किंवा फसते ती दाण्यापाशी. मसाला नंतर येतो. उत्तम गोडा मसाला घातलेली पण आत टचटचीत राहिलेली चवळी कोणी दुसऱ्यांदा वाढून घेत नाही. नीट शिजलेल्या चवळीला मीठ, हिंग आणि कोकमाची दोन सालं पुरतात.

आधी थोडा परिसर पाहू. ज्यांना आपण सरसकट कडधान्यं म्हणतो ते शेंगेतले दाणे एका गावचे नाहीत. मूग, उडीद, तूर, कुळीथ आणि मटकी ही याच उपखंडात माणसाळलेली. हरभरा, मसूर आणि वाटाणा पश्चिम आशियातून आले, पण इतक्या पूर्वी की त्यांना परके म्हणणं वेडेपणाचं होईल. चवळी आफ्रिकेची, वालाचं मूळही तिकडचंच मानलं जातं. राजमा आणि घेवडा अमेरिकेतून, युरोपीय जहाजं तिकडे पोचल्यानंतर आले. साताऱ्याच्या कोरेगाव भागातल्या ज्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि ज्याचा तिथल्या लोकांना रास्त अभिमान आहे, तो या मांडणीत सगळ्यांत नवा पाहुणा आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथं बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत जळून कोळसा झालेले जे दाणे मिळाले, त्यांत सातू आहे तसेच मसूर, वाटाणा, कुळीथ आणि वालही आहेत. ज्वारी-बाजरी महाराष्ट्राचं मुख्य अन्न होण्याच्या आधीपासून इथल्या मडक्यांत कुळीथ रटरटत होता.

ग्रंथांकडे वळलं तर चरकसंहितेत या दाण्यांचा ‘शमीधान्य’ नावाचा वेगळा वर्गच आहे. पथ्यकर म्हणून त्यात मूग सर्वांत वर आणि उडीद सर्वांत खाली. आजारी माणसाला मुगाचं कढण देणारं घर चरकाचं नावही न घेता तोच निवाडा पाळत असतं. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ रचला. त्यातल्या अन्नाच्या प्रकरणात अनेक द्विदल धान्यं एकत्र शिजवून केलेला विदलपाक आहे. राजाच्या पंगतीतही कडधान्याला कमीपणा नव्हता. ते गरिबाचं खाणं ही समजूत बरीच अलीकडची असावी आणि ती मुख्यतः शहरातली आहे.

महाराष्ट्र-गोव्यातल्या कडधान्यांच्या स्वयंपाकाची वाटणी सहसा प्रदेशानुसार किंवा जातीनुसार करतात : कायस्थी बिरडं, मालवणी उसळ, कोल्हापुरी मिसळ. ती खोटी नाही. पण स्वयंपाकघरात उभं राहून पाहिलं तर दाण्याशी कसं वागायचं यावरून वेगवेगळ्या वाटा पडतात, आणि ही वाटणी आम्हांला जास्त उपयोगी वाटली.

पहिली वाट मोड आणून सोलण्याची. ही सर्वांत कष्टाची, आणि माझ्या मते मराठी स्वयंपाकाची या क्षेत्रातली सर्वांत मोठी कमाई. रायगड जिल्ह्यात भात कापल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावर वाल पेरतात. पाणी देण्याची गरज जवळजवळ नसते. हे कडवे वाल. त्यांचं साल चिवट, तुरट-कडवट, आणि नुसतं शिजवून खाण्याजोगं नाही. म्हणून वाल रात्री कोमट पाण्यात भिजवायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, दुसऱ्या दिवशी मोड आले की पुन्हा कोमट पाण्यात टाकायचे. साल सैल होतं आणि दोन बोटांत दाबलं की आतला पांढरा दाणा मोडासकट सटकन बाहेर येतो. पाव किलो वाल सोलायला एकट्या माणसाला बराच वेळ लागतो. म्हणून हे काम दुपारी, चार जणींनी ताटाभोवती बसून, गप्पांसोबत करायचं असे. सोललेल्या या दाण्यांना डाळिंब्या म्हणतात. कायस्थांकडे त्यांचं नारळाच्या दुधातलं बिरडं होतं, ब्राह्मणी घरांत जिरं-खोबऱ्याचं वाटण, गूळ आणि आमसूल घालून उसळ होते, पाठारे प्रभूंची तऱ्हा आणखी निराळी. कोणाची खरी यावर मी मत देणार नाही. दाणा मात्र तिन्हीकडे एकाच कसोटीला उतरावा लागतो : मऊ हवा, अख्खा हवा, आणि बोटानं दाबल्यावर पिठासारखा मोडायला हवा. गोव्यातल्या मुगागाठी याच वाटेवरच्या; तिथं मुगाला मोड आणून सालं काढतात आणि कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या सणावारांच्या जेवणात त्यांना मानाचं स्थान असतं.

दुसरी वाट अख्खा दाणा सालासकट शिजवण्याची. देशावरची मटकी या वाटेनं जाते. तिला मोड येतात, पण सोलत नाहीत. मंगळागौरीच्या जागरणाला मटकीची उसळ हवीच, आणि मिसळीचं तर तिच्यावाचून चालतच नाही. मालवणी मुलखातला काळा वाटाणा आंबोळीशी किंवा वड्यांशी खातात. कराड-सांगली-कोल्हापूरकडे ढाब्यांनी प्रसिद्ध केलेला अख्खा मसूर आहे. गोव्यात अळसांद्यांचं तोणाक पावाशी खाल्लं जातं. विदर्भात जिला बरबटी म्हणतात ती चवळीच. यांतल्या प्रत्येकाचं साल वेगळ्या जाडीचं, म्हणून वेळ वेगळी. सगळ्यांना एकच ‘तीन शिट्ट्या’ लावणारी कृती दिसली की ती लिहिणाऱ्यानं ते कडधान्य स्वतः शिजवलं असेल का, अशी मला शंका येते.

तिसरी वाट भाजून, भरडून, दळण्याची. कुळीथ, म्हणजेच देशावरचे हुलगे, हा सगळ्यांत कठीण दाण्यांपैकी एक. तो भाजून, भरडून, पाखडून दळला की कोकणात कुळथाची पिठी आणि देशावर शेंगोळे, माडगं. मेतकूटही याच घराचं. माझा कयास असा, की या वाटेमागे चवीइतकंच जळण आहे. जिथं झाडं विरळ आणि शेणीसुद्धा मोजून वापरायच्या, तिथं तासन्‌तास दाणे रटरटवत ठेवणं परवडणार नाही. एकदा भाजून दळून ठेवलं की पिठलं दहा मिनिटांत होतं. शिजवण्याची मेहनत जात्यावर आधीच उरकलेली असते.

चौथी वाट डाळीची, वरणा-आमटीची. ती इतकी रुळलेली आहे आणि तिच्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की या पुस्तकानं ती मुद्दाम सोडली आहे.

पूर्व विदर्भातली लाखोळी मात्र कोणत्याच वाटेत निर्धास्तपणे बसत नाही. अवर्षणातही तग धरणारं हे पीक. पण त्यातलं विषारी द्रव्य महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून पोटात गेलं तर पाय लुळे पडण्याचा लॅथिरिझम हा विकार होतो. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी घालण्याचं धोरण आलं. भरपूर पाण्यात भिजवून ते पाणी फेकून देणं ही तिकडची जुनी रीत विष कमी करते, पूर्ण घालवत नाही. कडधान्यं आणि पाणी यांचं नातं नुसतं मऊपणाचं नसतं, हे यावरून कळावं.

आता स्वयंपाकघरातल्या जुन्या वादांकडे. इथं थोडं रसायनशास्त्र लागतं, आणि मला त्याचा कंटाळा नाही.

दाणा शिजत नाही, असं आपण म्हणतो तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडत असतात. एक गणंग दाणा. त्याचं साल पाणीच आत घेत नाही. बारा तासांनंतरही तो खड्यासारखा तळाशी पडलेला असतो. हा निसर्गाचा डाव आहे : सगळी बीजं एकाच पावसात रुजून मेली तर वंश बुडेल, म्हणून काही दाणे मागे राहतात. भिजवल्यावर ते वेचून टाकायचे, कुकरची एक शिट्टी वाढवून ते सुधारत नाहीत. दुसरा प्रकार जास्त फसवा. दाणा छान फुगतो, पण तासभर उकळूनही आत करकरीत राहतो. हा म्हाताऱ्या दाण्याचा रोग. उबेत आणि दमटपणात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या दाण्यात पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियम-मॅग्नेशियमशी असं जखडलं जातं की साध्या उकळीला ते विरघळत नाही. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम यात भर घालतं.

पूर्वी हा दुसरा रोग घराघरांत इतका दिसत नसे. उन्हाळ्यात वर्षाची बेगमी भरताना कडधान्य उन्हं दाखवून, एरंडेलाचा हात लावून किंवा राख घालून, कडुनिंबाचा पाला टाकून डब्यात जात असे, आणि ते कोणत्या साली कोणाच्या शेतात पिकलं हे घरात ठाऊक असे. आज पाकिटावर पॅकिंगची तारीख असते, पिकाची नसते. परवा भरलेल्या पाकिटात दोन वर्षांपूर्वीचा हरभरा असू शकतो. म्हणून नव्या दुकानातून आणलेले दाणे आधी मूठभर शिजवून पाहावेत, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

मिठाचा वाद याहून गमतीचा. मीठ आधी घातलं तर दाणा शिजत नाही, असं बहुतेक घरांत ठासून सांगतात. प्रत्यक्षात भिजवण्याच्या पाण्यात थोडं मीठ असलं तर सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतो आणि साल जास्त मऊ होतं. राजमा आणि काळा वाटाणा यांत फरक जाणवतो. दाण्याला अडवतं ते आंबट. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी पडले की पेक्टिन विरघळायला नकार देतं. तेव्हा ‘आंबट शेवटी’ हा जुना नियम शंभर टक्के बरोबर आणि ‘मीठ शेवटी’ हा बहुधा त्याच्याशी गफलत होऊन आलेला. गुळाचंही तसंच, तो दाणा घट्ट धरतो. डाळिंब्या शिजल्यावरच गूळ घालायचा तो त्यामुळे. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात घेवड्याचे दाणे काकवीत तासन्‌तास भाजतात आणि तरी ते फुटत नाहीत. काकवीतलं आम्ल आणि कॅल्शियम त्यांना सांभाळतं. सोडा याच्या उलट : दाणा लवकर मऊ होतो, पण मऊचा गाळ व्हायला वेळ लागत नाही, आणि थायमिन हे जीवनसत्त्व खर्ची पडतं. हॉटेलांना तो परवडतो. घरात मला तो आवडत नाही.

कुकरविषयी या पुस्तकाची लेखिका आणि मी यांचं एकमत नाही. १९५९ साली मुंबईत हॉकिन्सचं काम सुरू झालं आणि पुढच्या काही दशकांत शिट्टी हे मध्यमवर्गाचं वेळेचं माप झालं. कुकरात पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं; काबुली चणा किंवा राजमा यांच्यासाठी ते वरदान आहे, आणि गॅसचं बिल पाहता कोणी नाक मुरडू नये. पण डाळिंब्या कुकरात घालणं म्हणजे दोन दिवसांची मेहनत दोन मिनिटांत पिठात मिळवणं. त्यांच्यासाठी जाड बुडाचं पातेलं आणि वर पाणी ठेवलेलं ताट. पातेल्यातली वाफ थंड ताटाला लागून परत दाण्यांवर ठिबकते, आणि कमी पडलं तर ताटातलं गरम पाणी आत घालता येतं. गार पाणी ओतून उकळी मोडावी लागत नाही. लेखिका मटकीसुद्धा पातेल्यातच शिजवावी म्हणते. मटकीला मी कुकरची एक शिट्टी क्षम्य मानतो.

गॅस होतात, ही तक्रार खोटी नाही. रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा पचवणारं विकर माणसाच्या आतड्यात नसतं. त्या मोठ्या आतड्यातल्या जंतूंच्या वाट्याला जातात. भिजवलेलं पाणी टाकल्यानं त्या थोड्या कमी होतात, मोड आल्यावर बऱ्याच. मोडांमुळे फायटिक आम्लही घटतं आणि लोह-जस्त शरीराला जास्त मिळतं. मात्र मोड आलेले मूग कच्चेच वाटीभर खाण्याची जी सवय आरोग्याच्या नावानं पसरली आहे तिच्याविषयी सावध राहावं. दाण्याला आवडणारी ऊब आणि ओल जंतूंनाही आवडते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय जंतूंनी पन्नासहून अधिक बळी घेतले. एक वाफ काढायला कितीसा वेळ लागतो!

राजमा, वाघ्या घेवडा आणि त्यांचे भाऊबंद यांच्याबाबत तर सूट नाहीच. त्यांतलं फायटोहिमॅग्लुटिनिन नीट उकळलं नाही तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळा. अर्धा तास उकळलं तर शंकाच नको. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात न उकळलेला राजमा टाकून ऑफिसला जाणं धोक्याचं, कारण कमी तापमानात हे विष उलट वाढल्यासारखं वागतं. परदेशातल्या मराठी वाचकांनी हा परिच्छेद विशेष लक्ष देऊन वाचावा; तिथं अशी भांडी घरोघरी असतात. मोडांसाठी मात्र तिकडची एक युक्ती फार चांगली आहे : थंडीत बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेवायचा, तेवढी ऊब पुरते.

हे सगळं आत्ताच का लिहायचं? १९५१ साली देशात माणशी रोज सुमारे ६० ग्रॅम डाळी-कडधान्यं उपलब्ध होती. शतक संपताना तो आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. हरितक्रांतीनं गहू-भात वाढवला, त्यांना हमीभावानं खरेदी मिळाली, आणि कोरडवाहू मटकी-हुलग्यांकडे कोणी पाहिलं नाही. भारत कडधान्यं सर्वांत जास्त पिकवतो, सर्वांत जास्त खातो, आणि तरी आयात करतो. मुंबईच्या रगड्यातला पांढरा वाटाणा बहुधा कॅनडाचा किंवा रशियाचा असतो. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या घरात गेली तेव्हा काही दिवस घराघरांत हिशेब झाले. त्यानंतरचं, २०१६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून पाळलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाच्या ताटात धान्याच्या तुलनेत डाळी-कडधान्यांचा वाटा बराच वाढवायला सांगितलं आहे. आणि ज्या मातीत ती उगवतात तिथं मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात, पुढच्या पिकाला खत कमी लागतं. एवढे गुण असूनही प्रथिनांची भुकटी डब्यानं विकत घेणारं घर मटकी भिजत घालायला विसरतं. विसरतं हेच खरं. न परवडणारी घरं यांत थोडी आहेत. बाकीच्यांना आदल्या रात्रीच उद्याचा विचार करायची सवय राहिलेली नाही.

म्हणून हे पुस्तक कडधान्यांच्या नावांनी लावलेलं नाही. ते वेळेनं लावलं आहे : ज्यांना दोन दिवस लागतात ते, ज्यांना एक रात्र लागते ते, आणि ज्यांना काहीच लागत नाही ते. प्रत्येक ठिकाणी आधी दाणा, मग पाणी, मग आच, आणि सर्वांत शेवटी मसाला. पाण्याची मापं नेमकी न देता कमी-जास्त दिली आहेत, कारण जुन्या आणि नव्या दाण्याला सारखं पाणी लागत नाही. ज्या वाचकाला नेमका आकडाच हवा असतो त्याची थोडी चिडचिड होईल. मिसळीच्या कटाचं प्रकरण नाही, ते मसाल्याचं शास्त्र आहे आणि त्याला वेगळं पुस्तक लागेल. ओल्या दाण्यांचे पदार्थही नाहीत, म्हणून पोपटीच्या चाहत्यांनी राग मानू नये. मापं वाटीचीच आहेत, फक्त वाटी भिजवण्याआधीची. कोरडी एक वाटी भिजून दुप्पट होते आणि मोड आल्यावर तिप्पटीच्या आसपास जाते, हे लक्षात ठेवलं की पाहुण्यांचा अंदाज चुकत नाही.

आज संध्याकाळीच सुरुवात करायची असेल तर शेवटच्या भागातला मसूर काढावा. तो न भिजवताही अर्ध्या-पाऊण तासात शिजतो. तो गॅसवर असताना एक वाटी मटकी पाण्यात टाकावी, म्हणजे परवाची सोय होईल.